भावानं ठेवायला दिलेला कोळी

आमच्या लॅबमध्ये एकदा चार दिवस रातकिडा ओरडत होता. कवळ्या बनवायची लॅब ती. तळघरात, खिडकी नाही, दार कायम लोटलेलं. तिथं रातकिडा शिरणार कुठून? मालकांनी प्लास्टरची पोती हलवून घेतली, पॉलिशच्या मशीनखाली काठी घालून पाहिली, बेसिनखालचं कपाट रिकामं केलं. मशीन चालू असलं की आवाज ऐकू यायचा नाही, मशीन थांबलं की पुन्हा किर्र सुरू. चौथ्या दिवशी मालक घामाघूम होऊन म्हणाले, "आता हा किडा तरी राहील, नाहीतर मी तरी."

तेव्हा मेणाच्या टेबलावरच्या ताई उठल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली होती.

"माझे आहेत," त्या म्हणाल्या. "घरी बाबा झाकण उघडतात, म्हणून इथं ठेवले होते. आज घेऊन जाते."

डब्यात पंधरा-वीस रातकिडे एकमेकांच्या अंगावरून फिरत होते. मालकांनी डब्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. "कशाला हो हे?"

"आमच्या बाईंना खायला लागतात."

आम्ही सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत, तेव्हा आमचं हसू तोंडातच राहिलं.

ताई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसून मेणात दात बसवत होत्या. हिरड्यांच्या आकाराची गुलाबी मेणाची पट्टी, तिच्यावर एकेक दात गरम सुरीनं लावायचा. वरचा खालच्याला नीट भेटला पाहिजे, पण अगदी सरळ रांगेतही नको, नाहीतर माणूस हसला की खोटा दिसतो. ताई दर कवळीत एखादा दात किंचित वाकडा बसवायच्या. शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी जेवत असतील, पण एकानंही त्यांना पाहिलेलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर साचे ओतायचे. सहा वर्षं शेजारी बसून मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच, की त्या चहात साखर घेत नाहीत.

त्या दिवशी मात्र मी त्यांच्याबरोबर घरी गेले. बाई कोण ते पाहिल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांचा पलंग, एक टेबल, आणि टेबलावर काचेची पेटी. पेटीत माती, उलटी ठेवलेली अर्धी कुंडी, पाण्याची वाटी. आणि कुंडीच्या तोंडाशी, माझ्या तळहाताएवढा, काळा, केसाळ, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेला कोळी. टॅरंट्युला. मी दारातच थबकले.

"ये गं, काही करत नाहीत त्या," ताई म्हणाल्या. "फार आळशी आहेत."

ही बाई ताईंची नव्हतीच. ताईंच्या धाकट्या भावाची. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई बावीसच्या. त्यामुळे तो भाऊ कमी आणि लेक जास्त. त्याला नाना नाद. आधी मासे, मग कबुतरं, मग हा कोळी. आणला तेव्हा जेमतेम रुपयाएवढा होता. दुकानदारानं सांगितलं, मादी आहे, पंचवीस वर्षं जगेल. म्हणून भावानं नाव ठेवलं बाई. दीड वर्षानं त्याला परदेशात नोकरी लागली.

"दोनच महिने, ताई," तो म्हणाला होता. "तिथं खोली मिळाली की कागदपत्रं करून घेऊन जातो. आठवड्याला दोन रातकिडे टाकायचे, वाटीत पाणी ठेवायचं. बस. हात लावायची गरजच नाही."

"मला भीती वाटते रे त्याची."

"त्याची नाही, तिची. आणि ती तुलाच जास्त घाबरते."

तो गेला. दोन महिन्यांचे सहा झाले, वर्ष झालं. आधी तो रविवारी फोन करायचा, मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला. तिथं त्यानं लग्न केलं, मूल झालं. बाईंना न्यायचा विषय दर फोनला निघायचा, नंतर दर दोन-तीन फोनांनी. "कागदांचं फार किचकट आहे गं," तो म्हणायचा. ताई म्हणायच्या, "असू दे, मी बघते."

पहिल्या वर्षी तर त्या लांब चिमट्यानं रातकिडा टाकून डोळे मिटून झाकण लावायच्या. एकदा कामावर जायच्या वेळी पाहिलं तर बाई उताण्या पडलेल्या, आठही पाय वर. ताईंना वाटलं, भावाचं जनावर आपल्या हातून मेलं. त्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मेलेलं असलं तरी हात लावायची हिंमत होईना, म्हणून तसंच सोडून कामाला आल्या. दिवसभर मनात एकच, आता त्याला काय सांगू? संध्याकाळी घरी गेल्या तर पेटीत दोन कोळी. एक रिकामं कातडं आणि शेजारी नव्या, चकचकीत काळ्या बाई.

"तेव्हा भ्यायले नसते तर मेल्याच असत्या," ताईंनी मला सांगितलं. "कात टाकताना हलवलं की संपलंच. माझ्या भित्रेपणानं वाचल्या."

त्या दिवसापासून त्यांची भीती ओसरली. त्या वाचायला लागल्या, काचेशी बसायला लागल्या. पेटीखाली कापड टाकलं, कुंडी बदलली. दर वेळची कात कापसात गुंडाळून कवळीच्या डब्यात ठेवली.

बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री होते. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत त्यांची आठवण सुटत गेली. आधी नावं गेली, मग वार, मग बायको गेल्याचं. पण त्यातूनही एक मजेशीर गोष्ट झाली. पेटी त्यांना रोज नव्यानं दिसायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही तसंच झालं. ते पलंगावर उठून बसले, डोळे बारीक करून टेबलाकडे पाहिलं.

"हे काय आहे गं?"

"कोळी आहे, बाबा."

"एवढा? अरे बाप रे! कोणी आणला?"

"धाकट्यानं."

"चावतो का?"

"नाही."

"मग जवळ आण बघू." ताईंनी पेटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबा काचेला नाक लावून पाहत राहिले. मग लहान मुलासारखे हसले. "आठ पाय! आणि एकही दुसऱ्यात अडकत नाही. याला म्हणतात फिटिंग."

ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे वाक्य रोजचं आहे." पण त्या स्वतःही हसत होत्या. रोज संध्याकाळी हीच पाच मिनिटं. बाकी वेळ बाबा त्यांना कधी नर्स समजायचे, कधी शेजारीण.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जायला लागले. त्याच सुमारास लॅबचे दिवस फिरले. मालकांनी मशीन आणलं. डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवून फोटो पाठवणार, संगणकावर कवळी उठणार, मशीन ती थरावर थर देऊन छापणार. साचा नको, मेण नको. मालक काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना संगणकावर बसवून पाहिलं. ताई पडद्यावरचा दात माउसनं सरकवायच्या, तो भलतीकडेच जायचा. पंधरा दिवसांनी त्या आपणहून उठून पुन्हा मेणाच्या टेबलावर जाऊन बसल्या. तिथं आता दिवसाला दोनच कवळ्या यायच्या, कधी एक.

आणि मग बाईंनी शेवटची कात टाकली.

या वेळी कातीतून निघाल्या त्या वेगळ्याच. पाय लांबसडक, अंग बारीक, आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांच्या टोकांना बोंडं आल्यासारखी. आधी दिवस-दिवस एका जागी बसणाऱ्या बाई आता काचेच्या कडेनं फिरायला लागल्या. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, काचेवर चढायच्या, घसरायच्या, पुन्हा चढायच्या. रातकिडा टाकला तर त्याला ओलांडून पुढे जायच्या. ताईंना वाटलं आजारी पडल्या. त्यांनी फोटो काढले, कात डब्यात घेतली आणि ज्या दुकानातून भावानं कोळी घेतला होता तिथं गेल्या. मीही बरोबर होते.

दुकानदारानं फोटो पाहिला आणि लगेच म्हणाला, "ही बाई नाही हो. बाप्या आहे."

"असं कसं? तुम्हीच मादी म्हणून विकला होता."

"लहानपणी नाही कळत, ताई. आम्ही अंदाजानं सांगतो." त्यानं कानाची पाळी खाजवली. "आता वयात आलाय. मादी शोधतोय म्हणून फिरतोय. याच्यापुढे कात टाकणार नाही."

"मग किती दिवस?"

"वर्षभर. जास्तीत जास्त दीड. नर तेवढेच जगतात. मादी असती तर अजून पंधरा-सोळा वर्षं काढली असती."

दुकानदाराला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "माझ्याकडे याच जातीची मोठी मादी आहे. घेऊन या एकदा. जमलं तर पिल्लं होतील, पाचशे-सातशे. त्यातली हवी तेवढी तुम्ही न्या."

"ती खाते ना नराला?"

"कधी कधी," तो म्हणाला.

"नको," ताई म्हणाल्या आणि कात पिशवीत ठेवली.

घरी येऊन त्यांनी भावाला फोन लावला. स्पीकरवर, बाबांनाही त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, पण भिंत पातळ होती.

"अरे, बाई बाप्या निघाली," ताईंनी हसत सुरुवात केली.

"कोण बाई?"

"तुझी बाई. कोळी."

तो म्हणाला, "ती अजून आहे? तुझ्याकडे?"

"म्हणजे काय?"

"अगं, मला वाटलं तू कधीच कोणाला तरी देऊन टाकली असशील. मी आपलं विचारायचो, तुला वाईट वाटू नये म्हणून. सहा वर्षं सांभाळत बसलीस? कमालच आहे तुझी." तो हसला. खरंच, मनापासून हसला, त्यात कुजकं काही नव्हतं. "कशाला जीव अडकवतेस त्यात? बरं, बाबांसाठी ती जागा बघितलीस का? मी पाठवलं होतं ते?"

ती जागा म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवतात तसली. ताई म्हणाल्या, "बघते." फोन ठेवला. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्या पेटीसमोर बसल्या होत्या. आत तो काचेवर चढत होता आणि घसरत होता. मी त्यांच्या हातात कप दिला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"मी त्याची ठेव म्हणून जपत होते गं," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे त्या त्याचं फिरणं बघत होत्या. सकाळी बघावं तर फिरतोय, कामावरून यावं तर फिरतोय. पायांच्या टोकांवरचे केस झिजायला लागले. एका शुक्रवारी त्यांनी मला टेबलावरूनच विचारलं, "उद्या दुपारी येशील? त्याला तिकडे नेते. मरणारच आहे तर त्याचं काहीतरी मागं राहू दे."

शनिवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं मागच्या खोलीत मादीची पेटी काढून ठेवली होती. ती आपल्या कोळ्याच्या दीडपट, जाडजूड. त्यानं ताईंना विचारलं, "यानं छोटं जाळं विणलं होतं का, गेल्या काही दिवसांत?" ताई म्हणाल्या, हो, कोपऱ्यात. "मग तयार आहे," तो म्हणाला आणि पेल्यानं अलगद उचलून त्याला तिच्या पेटीत सोडलं. स्वतः लांब ब्रश घेऊन उभा राहिला.

तो आधी गप्प उभा राहिला. मग त्यानं पुढचे पाय जमिनीवर आपटायला सुरुवात केली. टकटकटक, थांबायचा, पुन्हा टकटकटक. काचेबाहेरही बारीक ऐकू यायचं. दुकानदार कुजबुजला, "ती पण असंच वाजवेल. वाजवलं की समजायचं हो म्हणाली."

तिनं वाजवलं नाही. आम्ही दहा मिनिटं उभे, पंधरा मिनिटं उभे. तो वाजवत होता. एकेक पाऊल पुढे जात होता. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि एकदम काहीतरी झालं. नेमकं काय ते मला दिसलंही नाही, इतकं चटकन. ती त्याच्या अंगावर होती आणि दुकानदार ब्रश मध्ये घालून ओरडत होता, "हट! हट!" त्यानं दोघांना वेगळं केलं, पेला टाकून त्याला बाहेर काढलं. डाव्या बाजूचा दुसरा पाय मुळापासून तुटला होता आणि तिथून निळसर पाणी, म्हणजे त्याचं रक्त, गळत होतं. दुकानदारानं त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबलं.

"थांबेल," तो म्हणाला. "सात पायांवर पण जगतात. महिन्याभरानं पुन्हा बघू, तिचा मूड असला तर."

"नाही," ताई म्हणाल्या.

बसमध्ये डबा त्यांच्या मांडीवर होता. दोन थांबे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मीच नेलं ना त्याला."

"ताई, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच..."

"हो," त्या मला थांबवत म्हणाल्या. "माझं सगळं असंच असतं. भल्यासाठी."

कोळी त्यानंतर अडीच महिने जगला. फिरणं बंद झालं. खाणं तर आधीच सुटलं होतं. ताई मेणकामाच्या बारीक सुरीच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन त्याच्या तोंडाशी धरायच्या, दात बसवताना हात जसा स्थिर धरायच्या तसाच. कधी प्यायचा, बहुतेक वेळा नाही. एका मंगळवारी सकाळी तो पाय पोटाखाली मुडपून वाटीत पडलेला सापडला. ताईंनी दिवसभर वाट पाहिली. पहिल्यांदा असंच वाटलं होतं, म्हणून. बुधवारी वास यायला लागला.

बाबांनी त्या आठवड्यात रिकाम्या पेटीकडे एकदाही पाहिलं नाही. नंतरही नाही. ते ताईंना म्हणाले नाहीत, की इथं काहीतरी होतं. ताईंनीच एकदा विचारलं, "बाबा, इथं काय होतं आठवतं?" बाबा घाबरून म्हणाले, "मी नाही घेतलं काही." ताईंनी पुन्हा विचारलं नाही. पेटी त्यांनी जिन्याखाली नेऊन ठेवली, दोन दिवसांत कोणीतरी उचलून नेली.

भावाला त्यांनी कळवलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी लॅबचं मेणाचं टेबल निघालं. माझं साच्याचंही. मालकांनी आम्हाला खुर्चीवर बसवून, स्वतः उभं राहून सांगितलं. मला एका बेकरीत काम मिळालं. ताईंनी सहा-सात लॅबमध्ये विचारून पाहिलं. सगळीकडे तेच मशीन. एका ठिकाणी तरुण मुलीनं त्यांना सांगितलं, "मॅडम, हे हातानं करायचे हे मला माहीतच नव्हतं." ताई म्हणाल्या, तिचं काही चुकलं नाही. मग त्यांनी शोधणं सोडून दिलं. तसंही बाबांना आता एकटं ठेवता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात मी गेले होते. बाबांचं अंग पार वाळलंय. हिरड्या आक्रसल्या, त्यामुळे जुनी कवळी बसत नाही. बोलताना निसटते, घशात जाईल म्हणून ताईंनी काढून ठेवली आहे. नवी करायची तर आधी हिरड्यांचं माप घ्यावं लागतं. पाच मिनिटं तोंडात ट्रे धरून गप्प बसायचं असतं. ताईंनी घरातच तीन वेळा प्रयत्न केला. लॅबमधून आणलेलं माप घ्यायचं साहित्य होतं त्यांच्याकडे. पहिल्यांदा बाबांनी ट्रे थुंकून टाकला. दुसऱ्यांदा त्यांचा हात झिडकारला. तिसऱ्यांदा ओरडायला लागले, "ही बाई माझ्या तोंडात काय घालते बघा!" शेजारचे धावत आले.

मी गेले तेव्हा ताई दुधात पाव कुस्करून त्यांना भरवत होत्या. एक घास आत, अर्धा बाहेर. त्या चमच्यानं हनुवटीवरचं पुसून पुन्हा आत घालत होत्या.

"साहित्य संपलं," त्या मला म्हणाल्या. "आणि असतं तरी काय."

मी म्हटलं, बेकरीतून मऊ पाव आणत जाईन, कडा काढून. त्या म्हणाल्या, "आण." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि ताईंनी पुढचा घास भरवला.